कोनासंग जेवतेस?

कुरखेड्याजवळच्या एका गावात एक म्हातारा वैदू होता. धानाची थोडी शेती करी, कोणी आलंच तर झाडपाला देई. औषधाचे पैसे घेत नसे. घेतले तर गुण जातो, असं त्याच्या बापानं सांगून ठेवलं होतं. कुड्याची साल काढायची तर आधी बुंध्याशी चिमूटभर तांदूळ ठेवी, झाडाला विचारी आणि एकाच अंगाची हातभर साल काढी. चहूकडून सोललं की झाड वाळतं. कुरखेड्यात काम करणारी ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था वैदूंना एकत्र बसवी, तेव्हा हाही तिथे जाई. बोले कमी, ऐके जास्त.

मोहफुलं पडायच्या दिवसांत त्याच्याकडे एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. पोट फुगे, आंबट ढेकरा येत, सकाळी दोन-तीनदा बाहेर जावं लागे. अंगावरचं लुगडं सैल झालं होतं. एकानं आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, दुसऱ्यानं वांगं सोडायला लावलं होतं, तिसऱ्यानं नजर उतरवली होती. सगळ्यांनी तिला एकच विचारलं होतं: काय खाल्लं?

वैदूनं जीभ पाहिली, पोट चाचपलं. मग विचारलं, “माय, कोनासंग जेवतेस?”

बाई गप्प झाली. मग म्हणाली, “कोनासंग जेवू बाबा? उभ्यानंच चार घास गिळते.”

हळूहळू सगळं निघालं. नवरा गेल्या पावसाळ्यात वारला. पोरगा आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेलेले. घरात ती आणि एक शेळी. पहाटे तीनला डोळा उघडे, मग लागत नसे. गावातल्या बाया टोपल्या घेऊन मोह वेचायला जात, ही आतून कडी लावून पडून राही.

“पोट कवापासून बिघडलं?”

तिनं बोटं मोजली. नवऱ्याची तेरवी झाली, त्याच आठवड्यापासून.

वैदूनं कुड्याच्या सालीचं चूर्ण पुडीत बांधायला घेतलं. ताकातून घ्यायचं, हे तो सांगतच होता. तेवढ्यात ती म्हणाली, “बाबा, आता ह्या जीवाचं काय करावं, कळत नाही.”

वैदूचा हात थांबला. त्यानं पुडी परत पोतडीत टाकली.

“ह्याचं औषध माझ्यापाशी नाही,” तो म्हणाला. “उद्या सकाळी तयार राह्य. मी संगं येतो.” जाता जाता त्यानं शेजारणीला हाक मारून सांगितलं, “आज हिला एकटी ठेवू नको. आणि उद्यापासून हिचं ताट तुझ्या घरी मांड.”

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शौच तपासायला पाठवलं, आणि बाईशी दार लावून बराच वेळ बोलल्या. मनाच्या दुखण्यासाठी गोळ्या दिल्या. पहिले काही दिवस मळमळेल, घाबरून सोडू नका; बरं वाटायला दोन-तीन आठवडे तरी लागतील. वैदूनं पोतडी उघडून साल दाखवली. “हे देऊ का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तपासणी येऊ द्या. आणि माझ्या गोळ्यांच्या जोडीला काही द्याल ते मला सांगून द्या.” वैदूला त्यात राग येण्यासारखं काही दिसलं नाही. झाडाला विचारणारा माणूस डॉक्टरला विचारायला कशाला लाजेल?

पोटाचं आणि मनाचं दुखणं एकाच धाग्यात पाहणारा तो काही पहिला नव्हता. चिंता, शोक, भय असेल तर बेतानं खाल्लेलं पथ्याचं अन्नही जिरत नाही, असं चरकसंहितेत आहे. चीनमध्ये सुंग राजांच्या काळापासून ‘शियाव-याव सान’ नावाचं एक चूर्ण चालत आलं आहे. त्यात आलं, पुदिना, ज्येष्ठमध आणि तिकडच्या काही मुळ्या असतात. मन कोंडलेलं आणि पोट मंदावलेलं, अशा माणसाला ते देतात. त्यावरच्या बऱ्याच चाचण्या लहान आहेत, तेवढ्या भरवशावर कोणी गोळ्या सोडू नयेत. पण रोग्याला पोटाबरोबर त्याचं दुःखही विचारावं, हे त्या वैद्यांना औषधाच्या आधी कळलं होतं.

बाई शेजारणीकडे जेवू लागली. सुरुवातीला चार घासच. वैदू दर आठवड्याला येई आणि गोळ्या संपल्या का, तेवढं पाही. साल त्यानं मागाहून दिली, डॉक्टरीणबाईंना विचारून, तीही थोडेच दिवस.

मे महिन्यात तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानं विकत घ्यायची जागा, लागली. सत्तर पानांचा एक पुडा. मुन्शीनं तिचे काही पुडे कमी धरले, तर ती फळीवर उभी राहून त्याच्याशी अशी भांडली की चार गावची माणसं पाहायला जमली. पुडे पुन्हा मोजावे लागले. त्या रात्री शेजारणीनं वैदूला निरोप पाठवला: बाबा, हिनं आज तिसऱ्यांदा भात मागून घेतला, आता माझे तांदूळ पुरत नाहीत.