वरचे आणि खालचे

थेरगावच्या नळाला पवनेचे पाणी येते. ते वरच्या अंगाला, मावळातल्या धरणातून आलेले असते. तिथून बंद नळाने शहराला पाणी नेण्यास शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचे प्राण गेले. आमची तहान खरी, त्यांची भीतीही खरी!

राष्ट्रांचे तरी निराळे काय? सिंधूच्या पाण्याचा करार १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत झाला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही तो टिकला. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. संताप रास्तच होता. पण खुन्यांच्या अपराधापायी पलीकडच्या कुणब्याचे पाट कोरडे पडावेत काय?

पवनेवर मी खालचा, सिंधूवर वरचा. खाली असताना ज्याला हक्क म्हणतो, त्यालाच वर बसल्यावर मेहेरबानी म्हणू लागलो, तर माझा न्याय उताराबरोबर वाहून गेला म्हणायचा. येते वर्ष कसे जाईल, कोण सांगणार? शेजाऱ्यावर विश्वास उरला नसला, तरी त्याच्याशी बोलायला बसणे, यालाच मी मुत्सद्देगिरी समजतो. नदी आहे तोवर शेजार काही सुटत नाही.