वाशीचा पाठीराखा, अजून संत न झालेला

वाशीच्या पॅरिश चर्चला नाव आहे येशूच्या पवित्र हृदयाचे. शहराच्या तोंडी रुळलेले ख्रिस्ती नाव मात्र दुसरेच: फादर अ‍ॅग्नल. त्यांच्या नावाच्या शाळेमुळे आणि इंजिनिअरिंग कॉलेजमुळे ते नाव सर्व धर्मांच्या घरांत पोहोचले. तो माणूस कोण होता, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

फादर अ‍ॅग्नल म्हणजे आग्नेलो दि सौझा. त्यांचा जन्म 21 जानेवारी 1869 रोजी गोव्यातल्या हणजूण गावी झाला. पिलारच्या मिशनरी संस्थेत ते दाखल झाले, 1898 मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. शिरोड्यात ते गोरगरिबांमध्ये राबले, पुढे राशोलच्या सेमिनरीत भावी धर्मगुरूंचे मार्गदर्शक झाले आणि 20 नोव्हेंबर 1927 रोजी तिथेच वारले. पिलारची संस्था तेव्हा लयाला चालली होती. 1939 मध्ये ती सावरली, त्यामागे त्यांच्या स्मृतीचे बळ होते. याच संस्थेच्या धर्मगुरूंनी पुढे वांद्र्याला आणि मग वाशीला शिक्षणाचे काम उभे केले.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1986 मध्ये त्यांना 'वंदनीय' घोषित केले. ही संतपदाच्या वाटेवरची एक पायरी, संतपद नव्हे. म्हणून त्यांच्या नावाने शाळा काढता येते, पण चर्च अर्पण करता येत नाही. वेदीवर त्यांची प्रतिमा बसत नाही, मिस्सेत त्यांचा सण नसतो. घरी त्यांच्या तसबिरीपुढे प्रार्थना करायला मात्र कुणाची हरकत नाही. असे निर्बंध 17व्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी कडक केले. त्याच पोपने 1627 मध्ये वसईच्या गोन्सालो गार्सियाला 'धन्य' (संतपदाच्या अलीकडची पायरी) घोषित केले. गोन्सालो 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला होता. संत म्हणून त्याचे नाव जाहीर व्हायला 1862 साल उजाडले. वसईकरांना आपल्या माणसासाठी 265 वर्षे थांबावे लागले.

फादर अ‍ॅग्नल यांच्या बाबतीतला असाच विलंब अनेक भाविकांना जाचतो. तो हिताचाच आहे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. धन्य घोषित होण्यासाठी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो, आणि म्हणून भक्तीचा सारा ओघ नवसाकडे, आजार बरा होण्याकडे वळतो. मागणे माणसाच्या दुःखातून येते. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ज्याची वेदी नाही, त्याची भक्ती कामातूनच करावी लागते, आणि वाशीला नेमकी हीच संधी मिळाली आहे. सिडको स्थापन झाली 1970 मध्ये; त्यानंतर वसलेल्या या वस्तीत गोवा, मंगळूर, केरळ, वसई इथून कॅथलिक कुटुंबे आली. प्रत्येकाचा गावचा पाठीराखा संत वेगळा, त्याचा सण वेगळा. सगळ्यांना सारखाच जवळचा वाटावा असा हा गोवेकर पाद्री आहे, आणि शाळेमुळे तो बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांचाही आहे.

मग निदान एवढे तरी व्हावे: शिरोड्यातल्या गरिबांसाठी झिजलेल्या माणसाचे नाव धारण करणाऱ्या वर्गांत गरीब घरच्या मुलांना हक्काची जागा असावी आणि प्रत्येक मुलाला या माणसाचे चरित्र ठाऊक असावे. 20 नोव्हेंबर 2027 रोजी त्यांच्या निधनाला 100 वर्षे पूर्ण होतील. पॅरिशने आणि शाळांनी मिळून त्याची तयारी आताच सुरू करावी.