निराळ्या माणसाचा भार

प्रत्येक मंडळीत एखादा तरी निराळा माणूस असतोच. कोणी उपदेश चालू असताना मोठ्याने ‘नाही, नाही’ म्हणतो, तर कोणी घरातले धान्य वाटेवरच्या भिकाऱ्याला देऊन मोकळा होतो. आपण हसतो आणि त्याला सांभाळून घेतो. आपल्या ह्या सहनशीलतेचा आपल्याला थोडा अभिमानही असतो. पण तिच्यासाठी आपण स्वतः काय सोसतो, हे सहसा कोणी विचारीत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचेच पाहा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या कवीची गीते महाराष्ट्रात व बाहेरही आपल्या उपासनांतून गाइली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले. आज त्यांचे सारेच आपल्याला गोड वाटते. (मेलेल्या माणसाच्या लहरी कोणालाच जड जात नाहीत!)

पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ उघडा. टिळकांचे अचानक घर सोडून जाणे, हाती आलेला पैसा न टिकणे, क्षणात भडकणारा राग, हे सारे सोसले ते समाजाने नव्हे, त्या बाईने. तिने ते विनोदाने लिहिले, म्हणून आपणही हसून पान उलटतो.

मग अशा माणसाला सर्वांसारखा करावा काय? मुळीच नाही. उंटाच्या केसांचे वस्त्र घालून टोळ खाणाऱ्या योहानाला कोणी नीटनेटके केले असते, तर यार्देनेकाठी कोण गेले असते? प्रत्यक्ष प्रभूच्या आप्तांनाही त्याला वेड लागले असे वाटले होते. शब्बाथ शाळेत भलतेच प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवण्यापूर्वी शिक्षकांनी हे आठवावे. त्या डुकरांचा काय अपराध होता, असे एखाद्याने विचारले, तर तो प्रश्न काही वाईट नाही.

माझे म्हणणे एवढेच की, माणसाचे निराळेपण मंडळीने मान्य करायचे आणि त्याचा भार त्याच्या घरच्यांनी एकट्याने वाहायचा, ही वाटणी न्यायाची नाही. धान्य देऊन टाकणाऱ्या त्या गृहस्थाला आपण येत्या रविवारी प्रेमाने ‘सलाम’ करूच. पलीकडे स्त्रियांच्या बाजूला त्याची पत्नी बसलेली असते. तिच्या घरी आठवडाभर काय शिजले, ह्याची चौकशी पाळकांनी किंवा पंचांनी कधी केली आहे काय?