शत्रू गेल्यावर

दोन बलाढ्य सत्तांचे वैर एकीच्या पतनाने संपले, की उरलेली सत्ता त्या शेवटाला आपला विजय म्हणू लागते. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तेव्हा अमेरिकेत हेच घडले. पण प्रतिपक्षाचे पतन म्हणजे आपला विजय काय? मराठी माणसाला हा प्रश्न कोलकात्याच्या दक्षिणेस, बेहाल्यातही भेटतो.

बेहाल्यातील बडिशा हे सावर्ण रायचौधुरी या जमीनदार घराण्याचे ठाणे. १० नोव्हेंबर १६९८ रोजी या घराण्याने सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर या गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीला १,३०० रुपयांत दिले. त्यामागे बंगालचा सुभेदार, औरंगजेबाचा नातू अझीम-उश-शान याची अनुमती होती. त्याच वर्षाच्या आरंभी जिंजी मोगलांच्या हाती पडली आणि राजाराम महाराज निसटले. बादशहा आणि मराठे, दोघांचीही दृष्टी दख्खनच्या किल्ल्यांवर खिळलेली. तेराशे रुपयांचा तो कागद कोणाच्या हिशेबात असणार?

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. पुढे साम्राज्य वारसायुद्धांनी आणि सरदारांच्या तटांनी आतूनच खचले. मराठ्यांची झुंज हे त्याचे मोठे कारण, एकमेव नव्हे. मग १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी त्याच तख्ताकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुत्लकी मिळवली. शत्रू खचला, तरी अधिकार हवा तो त्याच्याच शिक्क्याचा! यात मुत्सद्देगिरी होती. मला कल्पनेचे दारिद्र्यही दिसते.

याहून कठीण गोष्ट निराळीच. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या. चौथाई मागायची ती नवाब अलिवर्दीखानाकडे. जळाली ती खेडी. तेथील विणकराचे वा कुणब्याचे साताऱ्याशी कोणते वैर होते? १७५१ च्या तहात नवाबाने वर्षाला बारा लाख रुपये कबूल केले. खेड्यांच्या पदरी एक शब्द राहिला: आपल्या ‘बारगीर’चा तेथे ‘बर्गी’ झाला, आणि मुलांना निजवताना तो आजही उच्चारला जातो.

त्या धास्तीने कलकत्त्याभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला गेला. तो पुरा झाला नाही. बेहाला तर त्याच्या रेषेबाहेरच होता. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. १८०३ मध्ये लेकने शिंद्यांच्या फौजेकडून दिल्ली घेतली आणि अंध शाहआलम कंपनीच्या आश्रयाला गेला. तोवर खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावरून रस्ता नेलेला होता.