निरोगी जनावराचा बळी

'डुकराचा जीव तो काय!' असे म्हणून हा विषय बाजूला सारता येईल. परंतु ईशान्य भारतातील ज्या कुटुंबाची शिल्लक बँकेत नसून परसातील डुकरात असते, मुलांची फी आणि आजारपणाचा खर्च ज्यातून भागतो, त्या कुटुंबाला तसे म्हणणे परवडत नाही.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर या विषाणुजन्य रोगाची पहिली नोंद १९२१ साली केनियातून झाली. २०१८ साली तो चीनमध्ये, २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आणि २०२१ साली मिझोराममध्ये पोहोचला. माणसाला त्याची बाधा होत नाही. डुकरांचे कळप मात्र तो ओस पाडतो. आपल्या देशातील धोरणानुसार रोग आढळलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या परिघातील सर्व डुकरे, अगदी निरोगी दिसणारीही, मारली जातात. येथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. शेजाऱ्याच्या गोठ्यातील रोगापायी निर्दोष कुटुंबाने आपली पुंजी का गमवावी?

विषाणू बदलत असल्यामुळे हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. २०२१ साली चिनी संशोधकांनी याचे सौम्य प्रकार नोंदविले. त्यांत जनावर लवकर मरत नाही, परंतु रोग पसरवीत राहते. २०२३ साली दोन प्रकारांच्या मिश्रणातून झालेला विषाणूही तेथे नोंदविला गेला. त्याच वर्षी व्हिएतनामने देशभर लस खुली केली. तथापि एका प्रकारासाठी केलेली लस मिश्र प्रकाराला रोखीलच, असे नाही. रोग असा लपू लागला म्हणजे पहिला आधार उरतो तो पाळणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा. जनावर खाईनासे झाले, हे सर्वांआधी त्यालाच कळते.

आमच्या मते समाजाला या प्रामाणिकपणाची अपेक्षा करण्याचा अधिकार आहे. मात्र त्याची किंमत एकट्या घराने मोजावी, असे म्हणण्याचा नाही. सर्वांच्या हितासाठी जे घेतले, त्याचा भार सर्वांनी उचलला पाहिजे. म्हणून वेळेवर मिळणारी योग्य भरपाई हा उपकार नव्हे. ते समाजाचे ऋण आहे.

मग भरपाई रखडली, तर आजारी डुक्कर गुपचूप विकावे काय? नाही. शासनाने अन्याय केला, तर त्याची दाद शासनाकडेच मागावी. आजारी जनावर विकणारा आपला तोटा शासनावर नव्हे, तर आपल्याइतक्याच गरीब असलेल्या दुसऱ्या घरावर ढकलत असतो. त्या घराने त्याचे काहीच वाईट केलेले नसते.