सायंदेवांचे भय आणि आपली धडधड

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तहो, श्रीगुरुचरित्राचा चौदावा अध्याय तुमच्यापैकी कितीतरी जणांना मुखोद्गत असेल. संकट टळावे म्हणून तो वाचायचा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या अध्यायात संकट कोणावर आले आहे? एका नोकरदार माणसावर! सायंदेव चाकरी करणारे गृहस्थ. धन्याचे बोलावणे आलेले, धनी महाक्रूर, गेलो की जीव घेणार ही खात्री. त्यांचे काळीज कसे उडत असेल, हे सातपूरकरांना काय सांगायचे? एमआयडीसीत तीस-तीस वर्षे पाळ्या करताना 'साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय' एवढ्या निरोपाने आपल्याही पोटात गोळा आलेलाच आहे.

आता साहेब गेले, पण धडधड राहिली. मुलाची नोकरी कंत्राटी, घराचे हप्ते थकलेले, मुलीचे कुठे जमत नाही. रात्री दोनला जाग येते आणि छातीत घण पडू लागतात. शेजारच्यांना उठवावे की नको, तेही कळत नाही.

शरीर मोठे भोळे आहे. वाघ समोर उभा राहिला काय आणि नुसता मनात आला काय, त्याला दोन्ही सारखेच. काळजी दाटली की मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या छोट्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात आणि हृदय पळण्याच्या तयारीला लागते. बसल्या जागी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके असायचे, ते वाढतात. आपण मात्र पळत नसतो. अंथरुणात पडून आपल्याच छातीला कान लावलेला असतो. मग दुसरी काळजी सुरू होते, 'हा अ‍ॅटॅक तर नसेल?' आणि ती आणखी ठोके वाढवते. कधी एखादा ठोका वेळेआधी पडतो, मागोमाग क्षणभर थांबा येतो आणि पुढचा ठोका जोरात बसतो. काळजाचा ठोका चुकला, असे आपले पूर्वज म्हणत ते काही उगाच नाही. असा अधूनमधून चुकणारा ठोका बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

अशा वेळी उठून बसावे. श्वास सावकाश घ्यावा, आणि सोडताना 'दिगंबरा' हे नाम लांबवीत त्याहूनही सावकाश सोडावा. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाला आवर घालणारी नस जागी होते, ठोके हळूहळू उतरतात. नाम घेताना हे आपोआप घडते. फक्त ते घाईने उरकू नका. माळ संपवायची शर्यत लावली तर उलट दम लागायचा.

पण एक स्पष्ट सांगतो. नाम घेतो म्हणून डॉक्टरकडे जात नाही, ही श्रद्धा नव्हे. महाराजांनी सायंदेवांना घरी लपून बसायला सांगितले नाही. भय सोडून धन्याकडे जा म्हणाले, आणि तू परत येईतो मी इथेच आहे, असा शब्द दिला. सायंदेव त्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले. आपल्याला तर दवाखान्याच्याच दारापर्यंत जायचे आहे! त्र्यंबक रोडवर कामगार विम्याचे रुग्णालय आहे, कार्ड असेल तर ते कपाटात कशाला ठेवता? धडधडीमागे काळजीच असेल असेही नाही. रक्त कमी असते, थायरॉइड वाढलेले असते, कधी नुसता चहा, तंबाखू किंवा मिश्री असते. तपासताना ठोके ठीक असले तर ईसीजी सरळ येतो. मग डॉक्टर दिवसभर अंगावर ठेवायचे यंत्र लावतात, त्याला घाबरू नये.

धडधडीबरोबर छातीत दुखले, दम लागला, दरदरून घाम आला किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच निघा, १०८ ला फोन करा. नाडी सतत वेडीवाकडी लागत असेल तरी त्याच आठवड्यात दाखवा. त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो.

आता सप्ताहाला बसणाऱ्यांसाठी. पारायणाचे नियम कडक, म्हणून काही आजी-आजोबा सात दिवस बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्याच बंद करतात. कोणी पाणीही पीत नाही, मधेच उठावे लागेल म्हणून. चौथ्या दिवशी हातपाय थरथरतात, छाती धडधडते, आणि घरचे म्हणतात, 'अंगात आलं.' अहो, गोळ्या बंद केल्याचा आणि पाणी न प्यायल्याचा तो परिणाम असू शकतो! सोवळ्याला गोळीचा विटाळ नाही. तेराव्या अध्यायात पोटशूळाने जीव द्यायला निघालेल्या ब्राह्मणाला महाराजांनी अन्नच खाऊ घालायला लावले; उपाशी राहा असे म्हटले नाही. (ते पक्वान्नाचे ताट आपण आपल्या पथ्यावर लावू नये, तिथे सद्गुरू समोर होते.) गोळ्या वेळेवर घ्या, पाण्याचा तांब्या चौरंगाजवळ ठेवा, मांडी घालवत नसेल तर खुर्चीत बसून वाचा. आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा की रात्री जीव घाबरतो. सायंदेवांनीही आपले भय आधी बोलून दाखवले होते.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥