उपऱ्याचे बोल



सदोम नगरातील त्या भयंकर रात्रीची कथा आपण सर्वांनी बालपणापासून ऐकली आहे. लोटाच्या दारापुढे जमाव जमतो, घरात उतरलेल्या पाहुण्यांना बाहेर काढ म्हणून दरडावतो, आणि लोट हात जोडून विनवतो, की बंधूंनो, हे दुष्कर्म करू नका. या विनवणीला जमावाने काय उत्तर दिले? आम्ही करतो ते योग्यच आहे, असे कोणी म्हटले नाही. लोटाच्या म्हणण्याला त्यांनी उत्तरच दिले नाही. हा परका आपल्या गावात बिऱ्हाड करून राहिला आणि आता आपल्यालाच न्याय शिकवू लागला, एवढाच त्यांच्या बोलण्याचा आशय होता (उत्पत्ती १९:९).

पवित्र शास्त्राच्या अनुवादाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याने हे वचन किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. पण ते माझ्याचविषयी लिहिलेले असू शकेल, असे मला २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत कधी वाटले नव्हते.

मी मूळचा नगर जिल्ह्याचा. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. उदरनिर्वाह आणि सेवा या दोहोंच्या निमित्ताने दिल्लीस आलो आणि नोएडात स्थायिक झालो. त्या सप्टेंबरात मला इकडे येऊन सतरा वर्षे झाली होती. आमच्याबरोबर काम करणारे एक परदेशी गृहस्थ होते. तेही दिल्लीत अकरा वर्षे राहिलेले, आणि हिंदी माझ्यापेक्षा सफाईने बोलणारे. ९ सप्टेंबर २०१८ रोजी, रविवारी, पश्चिम दिल्लीतील मोतीनगर येथील एका गृहसंकुलात मैलापाण्याच्या टाकीत उतरलेले पाच कामगार विषारी वायूने गुदमरून मरण पावले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वर्तमानपत्र मेजावर होते. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "माणसाकडून मैला उचलून घेण्यास तुमच्या कायद्याने १९९३ मध्ये बंदी केली. २०१३ मध्ये पुन्हा अधिक कडक कायदा केला. तरी ही बातमी मी इथे दर वर्षी वाचतो, आणि ती कोणालाच आपली बातमी वाटत नाही. मंडळीतदेखील काल कोणी त्यांच्यासाठी प्रार्थना केली नाही."

मला राग आला. मी म्हणालो, "कॅथरीन मेयो यांच्या पुस्तकाला महात्माजींनी गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हटले होते. तुम्हीही आमची गटारे तपासायलाच आला आहात काय? आधी स्वतःच्या देशाकडे पाहा." मेजाभोवतीचे सहकारी हसले. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. आपला पेला विसळून ते कामाला गेले.

काही दिवसांनी उत्पत्तीच्या एकोणिसाव्या अध्यायावरील टिपणे तपासण्यासाठी माझ्याकडे आली. नववे वचन समोर आले आणि लेखणी थांबली. लोटाच्या दारापुढील माणसांचे बोलणे आणि चहाच्या मेजावरील माझे बोलणे यांत शब्दांचा फरक होता, आशयाचा नव्हता.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. जो आपल्यात जन्मला नाही, आपल्यात केवळ राहायला आला, त्याला आपल्या समाजाविषयी मत देण्याचा अधिकार आहे काय?

प्रथम महात्माजींविषयी, कारण मी त्यांचे नाव ढालीसारखे पुढे केले होते. मेयोबाई १९२५-२६ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येऊन गेल्या, आणि १९२७ मध्ये त्यांचे 'मदर इंडिया' प्रसिद्ध झाले. हिंदी लोक स्वराज्यास लायक नाहीत असे म्हणणाऱ्यांच्या हाती त्या पुस्तकाने कोलीत दिले, म्हणून देशभर संताप उसळला. लाला लजपतराय यांनी त्यास उत्तर म्हणून स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गांधीजींनी 'यंग इंडिया'त १९२७ च्या सप्टेंबरात त्या पुस्तकाचा खरपूस समाचार घेतला. हा भाग आपल्या सर्वांना पाठ असतो. परंतु त्याच लेखात त्यांनी आपल्या देशबांधवांना असेही बजावले, की आरोपांची मांडणी आपण नाकारू, पण त्यांच्या तळाशी जे तथ्य आहे ते नाकारता येणार नाही. हा भाग आपण सोडून देतो. मीही सोडून दिला होता. पुढे दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाहास आळा घालणारा शारदा कायदा संमत झाला. तो मेयोबाईंमुळे झाला असे नव्हे. आपले सुधारक त्यासाठी पूर्वीपासून झटत होते. पण दुखणे खरे होते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

वाचकहो, येथे दोन प्रश्न आहेत, आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. पहिला प्रश्न असा, की जे बोलले गेले ते खरे आहे काय? दुसरा असा, की जो बोलला त्याने ते बोलावे काय? पहिला प्रश्न ऐकणाऱ्याने स्वतःला विचारायचा आहे. दुसरा बोलणाऱ्याने स्वतःला विचारायचा आहे. आपली गफलत अशी, की आपण ऐकणारे असतो तेव्हा दुसऱ्याच्या अधिकाराची चौकशी करतो, आणि बोलणारे असतो तेव्हा 'मी खरे तेच बोलतो' म्हणून स्वतःच्या अधिकाराची चौकशी टाळतो. दोन्ही वेळा आपण सोयीचा प्रश्न उचलतो.

लोट काही निर्दोष वक्ता नव्हता. त्या रात्री आपल्या मुलींविषयी तो जे बोलला ते आजही वाचवत नाही. तरीही, हे दुष्कर्म करू नका, हे त्याचे म्हणणे खरेच होते. बलामाला तर त्याच्या गाढवीने सावध केले (गणना २२). तिचा अधिकार काय होता? ऐकणाऱ्याने वक्त्याची योग्यता पाहून सत्य स्वीकारायचे ठरवले, तर देवाला आपल्यापर्यंत पोहोचण्याचे फार थोडे मार्ग उरतील.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. परदेशी पाहुणा आपल्या आतिथ्याची, कुटुंबव्यवस्थेची, भक्तिभावाची स्तुती करतो, तेव्हा 'तुला काय अधिकार?' असे आपण विचारतो काय? उलट त्याचे शब्द कौतुकाने इतरांना सांगतो. स्तुती करण्याचा अधिकार सर्वांना आणि दोष दाखवण्याचा कोणालाच नाही, असा आपला न्याय असेल, तर आपला आक्षेप त्याच्या परकेपणाला नाही. दोष दाखवण्याला आहे.

याचा अर्थ बोलणाऱ्यावर काहीच बंधन नाही, असा मात्र नाही. दिल्लीतच याचा उत्तम दाखला आहे. चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज १९०४ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले. ते इंग्रज, राज्यकर्त्यांच्या वंशाचे, आणि मिशनरी. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले, तेव्हा ते सुशीलकुमार रुद्र या हिंदी ख्रिस्ती प्राध्यापकांनाच मिळावे असा त्यांनी आग्रह धरला, आणि रुद्र त्या कॉलेजचे पहिले हिंदी प्राचार्य झाले. पुढे १९१५ मध्ये ते पियर्सन यांच्यासह फिजी बेटांवर गेले. तेथे करारबद्ध हिंदी मजुरांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि त्यावर जो अहवाल लिहिला त्याने ती अमानुष पद्धत बंद पाडण्यास मोठे बळ दिले. त्यांना 'दीनबंधू' म्हणतात ते उगाच नव्हे. मेयोबाईंच्या पुस्तकाने झालेला गैरसमज दूर व्हावा म्हणून १९३९ मध्ये त्यांनी खऱ्या भारताचे दर्शन घडवणारे पुस्तक लिहिले, आणि पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९४० रोजी, कलकत्त्यात त्यांचा अंत झाला.

अँड्र्यूजही आपल्या समाजाच्या दोषांविषयी बोलत असत. मग त्यांचे बोलणे आपल्याला का बोचले नाही? मला तीन कारणे दिसतात. एक, त्यांनी प्रथम स्वतःच्या लोकांना सुनावले. दोन, जे दुःख त्यांनी वर्णिले त्याची झळ स्वतःला लागेल इतक्या जवळ ते राहिले. तीन, त्यांनी आमच्याविषयी दूरच्या लोकांना सांगण्याआधी आमच्याशी बोलून घेतले. सत्य सांगणे हे कोणाचेही काम असू शकते. पण सत्य सांगून बरे करणे हे जो शेजारी झाला त्याचेच काम आहे. माझ्या सहकाऱ्याला ही तिन्ही मापे लावून पाहिली, तेव्हा माझीच मान खाली गेली. त्याने ती गोष्ट आपल्या देशातील वर्तमानपत्राला लिहिली नव्हती. चहाच्या मेजावर, आमच्या भाषेत, आम्हालाच सांगितली होती.

हा अधिकार केवळ गोऱ्या माणसाचा आहे असेही कोणी समजू नये. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहिल्या आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्यांनी मराठीत प्रसिद्ध केले. त्या देशातील शिक्षण, उद्योग आणि स्त्रियांच्या संघटना यांचे त्यांनी मनमोकळे कौतुक केले. पण काळ्या लोकांना आणि तेथील मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही त्यांनी लपवली नाही. ज्यांच्या घरी त्या पाहुण्या होत्या आणि ज्यांच्या देणग्यांवर त्यांचे शारदासदन उभे राहायचे होते, त्यांच्याच देशाविषयी त्या असे लिहीत होत्या. रमाबाईंचे हे धैर्य आपण अभिमानाने सांगतो. तर मग आपल्या देशात राहणाऱ्या परक्याचे तेच धैर्य आपल्याला उद्धटपणा का वाटावे?

या प्रश्नाचे खरे उत्तर देताना मला माझ्या रागाच्या मुळाशी जावे लागले, आणि तेथे मला देशाभिमान सापडला नाही, भीती सापडली. आपण ख्रिस्ती लोक. आपला धर्म परका, आपली निष्ठा परकी, असे टोमणे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. म्हणून परदेशी माणसाने या देशाविषयी कडू शब्द उच्चारला, की आपल्याला घाई होते ती त्याच्यापासून दूर सरण्याची. मी सहकाऱ्यांना हसवले ते त्यांनी मला आपला म्हणावे यासाठी. पाच मृत माणसांच्या बातमीवर मी माझे स्वदेशीपण सिद्ध करून घेतले. यापेक्षा लाजिरवाणे काय असेल?

जुन्या मराठी शास्त्रात 'उपरी' हा शब्द येतो. आपल्या गावगाड्यात वतनी हक्काने जमीन कसणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन, कायमचा हक्क नसता जमीन कसणारा तो उपरी. इब्री भाषेतील 'गेर' हा असाच माणूस. तो वाटसरू नव्हे. तो वस्तीला राहतो, पण त्याची मिरास नसते. अब्राहामाने पत्नीच्या कबरेसाठी जागा मागताना स्वतःची ओळख अशीच करून दिली (उत्पत्ती २३:४). आणि इस्राएलास परमेश्वराने आज्ञा केली, की उपऱ्याचा छळ करू नका, कारण तुम्ही मिसरात उपरे होता, त्याचा जीव कसा होतो हे तुम्हाला ठाऊक आहे (निर्गम २३:९). मूळात तेथे 'नेफेश' म्हणजे जीव, अंतःकरण हाच शब्द आहे. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज तर आपल्याच गावात गावकुसाबाहेर राहिले. उपऱ्याचा जीव आपल्याला ठाऊक नसेल तर कोणाला असेल?

मी त्या सहकाऱ्याकडे गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी ती दिली आणि सहज विचारले, की आपल्या कार्यालयामागचे गटार तुंबते तेव्हा जो माणूस येतो तो हल्ली दिसत नाही, बरा आहे ना? त्याचे नाव, त्याचे गाव, त्याच्या मुलीची इयत्ता हे सर्व त्यांना ठाऊक होते. त्या माणसाला मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. मला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

अम्माऊसच्या वाटेवर क्लयपाने सोबत चालणाऱ्या अनोळखी पुरुषाला आश्चर्याने विचारले, की यरुशलेमेत नुकतेच जे घडले ते ठाऊक नसलेला असा तूच एक परका आहेस काय (लूक २४:१८)? ग्रीक भाषेत तेथे वस्तीला राहणाऱ्या परक्यासाठीचे क्रियापद आहे. त्याच शब्दकुळातून पुढे 'पॅरिश' हा शब्द आला. म्हणजे नावाप्रमाणे पाहिले तर आपली प्रत्येक मंडळी ही उपऱ्यांची वस्ती आहे. आणि क्लयपाची चूक किती मोठी होती पाहा! नगराची बातमी ज्याला ठाऊक नाही असे त्याला वाटले, त्या एकालाच ती पूर्ण ठाऊक होती. पण प्रभूने तसे म्हटले नाही. त्याने आधी विचारले, काय घडले? त्याने त्यांचे सगळे ऐकून घेतले, मग त्यांची कानउघाडणी केली, आणि शेवटी त्यांच्या घरी जाऊन भाकर मोडली. परक्याने कसे बोलावे याचा हा कित्ता आहे. आणि ऐकणाऱ्याने काय करावे तेही तेथेच आहे. अंतःकरण जळत असतानाही त्या दोघांनी त्याला आग्रहाने घरी थांबवून घेतले.

तुमच्या गावात, तुमच्या मंडळीत, तुमच्या कचेरीत असा कोणी उपरा असेल. तो परदेशीच असेल असे नाही. परप्रांतातून आलेला असेल, नव्याने आलेला पाळक असेल, घरात आलेली सून असेल. त्याचे किंवा तिचे बोल कधीतरी बोचतील. त्या क्षणी, 'तू कोण?' हे शब्द ओठांवर येतील. ते तेथेच थांबवा, आणि आधी एवढेच विचारा, की हे खरे आहे काय? सदोमाच्या लोकांनी त्या रात्री तेवढेच विचारले नाही.